वाचक विचारतात : नाईक की लेफ्टनंट?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. २०१९ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, आता नाईक आहे. वय २५. पीयूसी (बारावी) आर्ट्स. लग्न झालंय, मुलगी वर्षाची आहे. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब म्हणतात, एसीसीचा, म्हणजे जवानातून अधिकारी होण्यासाठीच्या आर्मी कॅडेट कॉलेजचा फॉर्म भर. वडील म्हणतात, चार-पाच वर्षांत हवालदार होशील, नसती उठाठेव कशाला? काय करावं?

उत्तर : फॉर्म भरा, आणि याच वर्षी भरा. आर्मी कॅडेट कॉलेजसाठी वय २० ते २७, नोकरी किमान २ वर्षं आणि बारावी पास एवढं लागतं. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. लेखी परीक्षा, एसएसबी (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या), मेडिकल आणि मेरिट यात त्यातलं एक सहज जातं.

वडिलांना आकडे दाखवा. हवालदाराची नोकरी २४ वर्षं, मुदतवाढ मिळाली तर २६. म्हणजे ४३ ते ४५ व्या वर्षी पेन्शन घेऊन घरी. तुम्ही २६ व्या वर्षी डेहराडूनला गेलात तर एसीसीत ३ वर्षं, आयएमएत (इंडियन मिलिटरी अकॅडमी) १ वर्ष, आणि तिशीत लेफ्टनंट. पुढं लेफ्टनंट झाल्यापासून मोजून २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. सोबतचे हवालदार घरी परततील त्या वयात तुमचं हे प्रमोशन होईल, आणि नोकरी ५४ पर्यंत. नाईकाचं मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, लेफ्टनंटचं ५६,१०० पासून. मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० च्या जागी १५,५००.

पण चार वर्षं बायको-मुलगी सोबत नसतील, हे घरात आधी मोकळेपणानं बोला. तिकडं जेएनयूची पदवीही करायची असते, पुस्तक सुटलेल्याला पहिलं वर्ष जड जातं. आणि कमिशन (अधिकारीपद) मिळाल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीच मिळेल याचा भरवसा नाही. मेरिट आणि गरज पाहून आर्म (सैन्याचा विभाग) ठरतं.

सीमाभागातल्या पोरांचं घोडं बहुतेक वेळा कागदावर अडतं. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर, आधारवर बापाच्या नावासकट पूर्ण नाव, आणि शीट रोलवर (जवानाच्या सर्व्हिस रेकॉर्डवर) भरतीच्या दिवशी क्लार्कनं ऐकून लिहिलेलं स्पेलिंग. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना नावाच्या शेवटी एखादा ‘ए’ वाढतो, तो वेगळाच. आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधला बदल नोंदवणारा आदेश) निघून रेकॉर्ड ऑफिसात दुरुस्ती व्हावी लागते, आणि ती फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. मेडिकल शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त) हवं. रेड इंक एन्ट्री (शिक्षेची नोंद) असेल तर फॉर्मआधीच सीओ साहेबांना सांगा, लपवून काही उपयोग नाही.

एसएसबीला जवान शरीरानं कमी पडत नाहीत. दहा अडथळे तीन मिनिटांत ते हसत पार करतात. चुकतात ते हुकमाची वाट बघण्यात. ग्रुप टास्कला फळी, बल्ली (लाकडी वासा), दोरी समोर असते आणि नेता नेमलेला नसतो. तिथं आपला गडी बल्ली खांद्यावर घेऊन ‘कुठं लावू?’ असा उभा राहतो. चित्रावरून चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते, तिथंही नायक ‘साहेबांना रिपोर्ट करतो’ आणि गोष्ट संपते. नायकानं स्वतः काय केलं ते लिहायला हवं. मग एकेक करून साठ शब्द येतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. घरी घड्याळ लावून रोज वीस शब्दांवर वाक्यं लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, गप्प बसणं चालत नाही. त्यासाठी रोज अर्धा तास इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायला आत्तापासून लागा.

अपयश आलं तर नोकरी जात नाही. ट्रेनिंगमधून परत पाठवलं तरी माणूस युनिटलाच येतो.

प्रश्न : माझा भाऊ ३० वर्षांचा हवालदार आहे, निपाणीचा. त्याची संधी गेली का?

उत्तर : एसीसीची गेली. स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची (जवानातून अधिकारी होण्याची दुसरी वाट) आहे. तिला वय २८ ते ३५ लागतं आणि ट्रेनिंग एक वर्षाचं. एसएसबी मात्र तीच, तेव्हा बल्लीबद्दल वर लिहिलंय ते त्यालाही वाचायला द्या.