काळंभोर आकाश, पांढराफटक गाभा

प्रश्न: रात्रभर काढलेले आकाशाचे फोटो स्टॅक केले (एकावर एक रचून एकत्र केले) आणि ती फाइल उघडली, तर चारदोन तारे सोडून सगळं काळं. रात्र वाया गेली का?

उत्तर: नाही. ही फाइल ‘लिनिअर’ आहे, म्हणजे सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडला की आकडाही दुप्पट. तेजोमेघाचा अंधुक प्रकाश हिस्टोग्रामच्या (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल, हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) डाव्या टोकाला एका बारीक सुळक्यात दाटीवाटीनं बसलेला असतो. त्याला पसरायला जागा देणं म्हणजे स्ट्रेच. सिरिल या सॉफ्टवेअरमधला ऑटोस्ट्रेच मात्र नुसता पाहण्यापुरता असतो, फाइलमधले आकडे तो बदलत नाही. स्ट्रेचआधी प्रकाशप्रदूषणाचा ग्रेडियंट (एका बाजूनं चढत जाणारा उजेड) काढून घ्या. नंतर तो जास्तच अंगावर येतो.

प्रश्न: आकाश काळंभोर दिसावं म्हणून ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी) सरकवला आणि देवयानी दीर्घिका निम्मी झाली!

उत्तर: होणारच. लांब एक्स्पोजरमध्ये तिचा पसारा पूर्णचंद्राच्या सहापट रुंद भरतो, पण बाहेरचा भाग आकाशाच्या पार्श्वभूमीहून जेमतेम उजळ असतो. ब्लॅक पॉइंटच्या एका धक्क्यात तो शून्यावर जातो, आणि शून्य झालेल्या पिक्सेलमधून पुढे काही काढता येत नाही. हिस्टोग्रामचा सुळका डाव्या भिंतीला चिकटू देऊ नका, मध्ये थोडी फट राहू द्या. मी पार्श्वभूमी ० ते २५५ च्या मापात २० ते ३० च्या आसपास ठेवतो. राखाडी वाटेल, वाटू द्या. रात्रीचं आकाशही कोळशासारखं काळं नसतंच.

प्रश्न: मृगातल्या तेजोमेघाचा (एम ४२) गाभा दर वेळी पांढराफटक होतो. कितीही स्लायडर फिरवले तरी ट्रॅपेझियमचे, म्हणजे गाभ्यातल्या छोट्या तारकागुच्छाचे, तारे दिसत नाहीत.

उत्तर: माझ्या पहिल्या एम ४२ मध्ये ट्रॅपेझियमच्या जागी ट्यूबलाइट होती, त्यामुळे हे दुःख ओळखीचं आहे. स्लायडर सोडा, आधी मूळ फ्रेम तपासा. एकाच कच्च्या फ्रेममध्ये गाभ्याचे पिक्सेल कमाल आकड्याला टेकले असतील, तर माहिती कॅमेऱ्यातच संपली. मग पाच-दहा सेकंदांच्या फ्रेम्स वेगळ्या घ्यायच्या, स्टॅक करायच्या आणि मास्क (बाकीचा भाग झाकणारा पडदा) लावून गाभ्यापुरत्या मिसळायच्या.

फ्रेममध्ये गाभा शाबूत असेल, तर दोष स्ट्रेचचा. एका झटक्यात ताणू नका, तीन-चार हलक्या टप्प्यांत ताणा. जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच या प्रकारात उजळ भागाला संरक्षण देता येतं. ताऱ्यांचा रंग टिकवायला आर्क-साइन-एच हा स्ट्रेच बरा, पण तो जास्त झाला की गाभा पुन्हा पांढराफटक होतो.

उलट्या टोकालाही जाऊ नका. गाभा दाबून दाबून कडांइतकाच मंद केलेली चित्रं मला सपाट, प्लॅस्टिकची वाटतात. तो तिथला सर्वांत तेजस्वी भाग आहे, तसा दिसायलाच हवा.

प्रश्न: शार्पनिंग केलं की ताऱ्यांभोवती काळी कडी येतात आणि आकाश दाणेदार होतं.

उत्तर: शार्पनिंग मास्क लावून फक्त उजळ भागावर करा, तेही स्टारनेटसारख्या साधनानं तारे बाजूला काढून. डीकन्व्होल्यूशन (हवेमुळे आणि दुर्बिणीमुळे आलेला धूसरपणा गणितानं कमी करणं) करायचं असेल तर स्ट्रेचआधीच. आणि दाणे म्हणजे प्रकाशच कमी पडला. सिग्नलच्या तुलनेत नॉइज निम्म्यावर आणायला चौपट एक्स्पोजर लागतं: २५ फ्रेम्सच्या जागी १००.

प्रश्न: लॅपटॉपवर छान दिसणारं चित्र फोनवर अंधारं का?

उत्तर: बहुधा स्क्रीनचा ब्राइटनेस फार चढवून काम करता. तो उतरवा, आणि ८-बिट जेपेग अगदी शेवटी काढा.