मराठी ब्लॉगसाठी वर्डप्रेसवर कोणते प्लगइन टाकावेत, आणि किती?

तुम्ही विचारलंय की नुकताच वर्डप्रेसवर मराठी ब्लॉग सुरू केलाय, तर उपयोगाचे प्लगइन (वर्डप्रेसला नवी सोय जोडणारे छोटे प्रोग्रॅम) कोणते, ते टाकायचे कसे आणि किती टाकले तर चालतात. या प्रश्नावर बहुतेक जण पंधरा-वीस नावांची यादी देतात. मी तशी देणार नाही. माझ्या मते प्लगइन निवडताना आधी एकच गोष्ट बघायची: उद्या तो काढावा लागला तर तुमच्या लेखात मागे काय उरेल? लेख जसाच्या तसा राहणार असेल तर खुशाल टाका. लेखाचा एखादा तुकडा त्याच्याबरोबर जाणार असेल, तर तो कितीही देखणा असो, लाखो लोक वापरत असोत, टाकू नका.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते जरा सविस्तर सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. भोर-वेल्हे पट्ट्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. २०१४ साली जात्यावरच्या ओव्या गोळा करायला लागले, कारण शाळेच्या वाटेवरच्या घरांमधून जाती उठली होती आणि ज्यांना ओव्या येत होत्या त्या बायका सत्तरीला टेकल्या होत्या. गावात चक्की येऊन जमाना झाला, जातं पडवीच्या कोपऱ्यात पोत्यांखाली. पण ते बाहेर काढून खुंटा हातात दिला की गळा सुटतो. नुसतं समोर बसवून ‘म्हणा’ म्हटलं तर कित्येकींना दुसरी ओळच आठवत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. हात फिरायला लागला की ओवीमागून ओवी येते. अशी ११८ रेकॉर्डिंग माझ्याकडे जमली.

ब्लॉग काढून दिला माझ्या भाच्याने. तो याच क्षेत्रात काम करतो, मला त्यातलं तेव्हा काहीच कळत नव्हतं. २०१६ साली त्याने ब्लॉगवर आवाज ऐकवण्याचा एक प्लगइन टाकला. दिसायला फार छान होता. प्रत्येक रेकॉर्डिंगला बाईचं नाव, गाव, तारीख, ओवीची पहिली ओळ भरायला वेगवेगळे रकाने. मी खूश झाले. तोवर हे सगळं मी दोनशे पानी वहीत लिहीत असे. भाचा म्हणाला, ‘आत्या, आता वही कशाला? सगळं इथेच भर, दोनदा लिहायचं काम वाचेल.’ वर्षभर मी दोन्हीकडे लिहिलं आणि मग वही बंद केली.

प्लगइनमध्ये भरलेली नावं कुठे जातात, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या लेखात फक्त एक शीर्षक आणि चौकटी कंसातला एक शॉर्टकोड, म्हणजे प्लगइनला ‘इथे अमुक दाखव’ सांगणारी खूण, असायचा, त्यात एक आकडा. बाईचं नाव, गाव, ओवी, सगळं त्या प्लगइनने डेटाबेसमध्ये स्वतःपुरत्या बनवलेल्या तक्त्यांत. लेख उघडला की तो आकड्यावरून नाव शोधून दाखवायचा. म्हणजे लेख माझा, पण त्यातली माहिती त्याच्या ताब्यात.

दोन-तीन वर्षांनी त्या प्लगइनच्या कर्त्याने लक्ष देणं सोडलं. नवी आवृत्ती येईना. आम्ही ते पाहिलंच नाही, कारण चालत होतं. मग २०२३ च्या जानेवारीत होस्टिंगवाल्यांनी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) ७.४ वरून ८ वर नेली. ७.४ ची मुदत २०२२ च्या नोव्हेंबरात संपली होती, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. सकाळी ब्लॉग उघडला तर पांढरं पान आणि ‘या संकेतस्थळावर गंभीर त्रुटी आली आहे’ एवढी एक ओळ. अशा वेळी वर्डप्रेस प्रशासकाच्या पत्त्यावर ईमेल पाठवतं, त्यात कोणता प्लगइन बिघडला त्याचं नाव आणि आत शिरायची एक खास लिंक असते. ५.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून ही सोय आहे. आमच्या ब्लॉगवर प्रशासकाचा पत्ता होता भाच्याचा कॉलेजातला, कधीच बंद पडलेला. तुमचा कोणता आहे, ते आत्ताच सेटिंगमध्ये जाऊन बघा.

भाच्याने होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून सगळे प्लगइन असतात त्या फोल्डरचं नाव बदललं, त्याने सगळे प्लगइन बंद झाले आणि ब्लॉग उभा राहिला. हे बरोबरच केलं, तुमच्यावर वेळ आली तर हेच करा. नाव पूर्ववत केलं, एकेक प्लगइन चालू करत गेला, दोषी कोण ते सापडलं. इथवर सगळं ठीक. मग तो म्हणाला, काढून पुन्हा टाकू, कदाचित सुधारेल. आणि त्याने ‘डिलीट’ दाबलं.

‘डीअॅक्टिव्हेट’ म्हणजे प्लगइन झोपवणं. त्याचे तक्ते, त्यातला मजकूर जागेवर राहतो. ‘डिलीट’ म्हणजे त्याला घराबाहेर काढणं, आणि बरेच प्लगइन जाताना आपले तक्ते पुसून जातात. वर्डप्रेस तेव्हा विचारतं, हा प्लगइन आणि त्याचा डेटा काढायचा का? त्या प्रश्नातला ‘आणि त्याचा डेटा’ हा भाग त्याने वाचला नाही. आवाजाच्या फाइली अपलोडच्या फोल्डरमध्ये शाबूत राहिल्या, पण त्यांची नावं रेकॉर्डरने दिलेली, नुसते आकडे. कोणता आवाज कुणाचा, ते गेलं.

हे आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी. मुखपृष्ठ व्यवस्थित दिसत होतं, जुन्या लेखांवर मी गेले नव्हते. एका आजींच्या नातीचा बारामतीहून फोन आला, ‘बाई, आजीचा आवाज वाजत नाही, नुसता कंस दिसतोय.’ आजी त्याआधीच गेल्या होत्या. ती नात महिन्याकाठी एकदा तरी ते रेकॉर्डिंग ऐकायची. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर आणि शेवटच्या दोनच प्रती ठेवणारा, दर आठवड्याला एक. तीन आठवड्यांत दोन्ही प्रती पुसल्या जाऊन नव्या बसल्या होत्या, नावं नसलेल्या.

वही काढली. ११८ पैकी ७१ रेकॉर्डिंगची नोंद वहीत होती. तारीख, गाव, नाव, पहिली ओळ, शाईच्या पेनाने. उरली ४७. त्यांच्यासाठी मी ब्लूटूथचा छोटा स्पीकर घेऊन पुन्हा गावोगाव गेले. लेकींना, सुनांना, शेजारणींना ऐकवलं. एका घरी सासूचा आवाज लागताच सून भाकरी थापता थापता थांबली, तव्यावरची करपली तरी उठेना. असं करत ३६ आवाजांना नावं मिळाली. ११ राहिलेत.

भाच्याचं म्हणणं आजही असं आहे की दोष प्लगइनचा नाही, बॅकअप नीट नव्हता. या एका वाक्यावरून आमचा तीन वर्षं वाद चाललाय. बॅकअप नीट नव्हता हे मला मान्य आहे. पण बाईचं नाव साध्या मजकुरात, तिच्या ओवीखाली, लेखातच लिहिलेलं असतं तर प्लगइन मेला तरी नाव जिवंत राहिलं असतं. बॅकअप हा अपघातानंतरचा उपाय आहे. मजकूर मजकूर म्हणून लिहिणं हा त्याच्या आधीचा. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे आवाज ऐकवायला त्या प्लगइनची गरजच नव्हती. वर्डप्रेसमध्ये ऑडिओ वाजवायची सोय ३.६ आवृत्तीपासून आहे, २०१३ च्या ऑगस्टपासून. माझा ब्लॉग सुरू व्हायच्या आधीपासून! आता मी तीच वापरते. ऑडिओचा ब्लॉक, खाली साध्या परिच्छेदात नाव, गाव, तारीख आणि पूर्ण ओवी. वहीसुद्धा पुन्हा सुरू केली आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: प्लगइन शोधण्याआधी ती सोय आत आहे का ते बघा. गुगलसाठी साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, हवा म्हणून लोक प्लगइन टाकतात. तो ५.५ पासून वर्डप्रेस स्वतः बनवतं. चित्रं लागतील तशी लोड होणं, तेही ५.५ पासून आत आहे. कोष्टक, बटण, चित्रांची गॅलरी, सगळे ब्लॉक आहेत.

मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे, ती या याद्यांमध्ये कधी नसते. लेखाचा पत्ता, म्हणजे त्याची लिंक, वर्डप्रेस शीर्षकावरून बनवतं आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, पत्त्यात नऊ जागा खातं. म्हणजे बावीसेक चिन्हांत पत्ता संपतो. माझ्या ‘दळणाच्या ओव्या आणि मायलेकी’ या लेखाचा पत्ता ‘मायले’ला तुटला होता. यासाठी लिप्यंतराचे प्लगइन सुचवतात. नको. प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात दोन-तीन शब्द स्वतःच्या हाताने टाइप करा, काम झालं. शंभर लेख झाल्यावर असा प्लगइन टाकून जुने पत्ते बदलून घेतलेत तर लोकांनी व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या लिंका तुटायची भीती.

मग टाकायचं काय? बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस, आणि प्रत सर्व्हरवर नाही, गुगल ड्राइव्हवर. ती एकदा उतरवून बघा की त्यात फाइलींबरोबर डेटाबेसही आहे, कारण लेख डेटाबेसमध्ये असतात. प्रती निदान आठ ठेवा. फालतू प्रतिक्रिया अडवायला अकिस्मेट, खासगी ब्लॉगला फुकट आहे. संपर्काचा अर्ज हवा असेल तर कॉन्टॅक्ट फॉर्म ७. वेगासाठी कॅशचा (पानाची तयार प्रत साठवून ती दाखवणारा) एकच, दोन टाकले की एकमेकांच्या पायात येतात. एसइओचा, म्हणजे गुगलच्या शोधात लेख वर यावा यासाठीचा, प्लगइन टाकायचा तर टाका, पण त्याचा हिरवा दिवा लागावा म्हणून मराठी वाक्यं मोडू नका. सोपेपणा मोजायची प्रसिद्ध सूत्रं इंग्रजी शब्दांवरून बनलेली आहेत. ‘दळिता कांडिता’ किती सोपं आहे ते त्यांना काय कळणार.

पेज बिल्डर, म्हणजे पानाची मांडणी ओढून-सोडून करायचे प्लगइन, नकोच. त्यातले काही काढल्यावर पानभर शॉर्टकोडच शॉर्टकोड उरतात, माझ्या कंसांसारखे.

टाकण्याची पद्धत तुम्हाला माहीत असेलच, ‘नवीन जोडा’मध्ये शोधून चालू करायचा. त्याआधी त्याच्या पानावर शेवटची सुधारणा कधी झाली आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलाय ते बघा. मदतीच्या प्रश्नांना कर्ता उत्तरं देतो का तेही वाचा. शेवटच्या सुधारणेला वर्ष उलटून गेलं असेल तर सोडून द्या. मग एका कच्च्या लेखात वापरून, डीअॅक्टिव्हेट करून, लेख पुन्हा उघडा. काय उरलं ते डोळ्यांनी दिसतं. या चाचणीला पाच मिनिटं लागतात. आम्ही ती केली असती तर २०१६ सालीच कंस दिसले असते.

कर्ता कोण आहे हेही महत्त्वाचं. डिस्प्ले विजेट्स नावाचा प्लगइन दोनेक लाख साइटवर होता. मूळ कर्त्याने तो विकला आणि २०१७ मध्ये नव्या मालकाने अपडेटमधूनच चोरवाट घुसवली. लोकांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, फक्त अपडेट केलं होतं. विकतचे प्लगइन टेलिग्रामवर फुकट वाटणारे तर मुद्दामच अशी चोरवाट ठेवू शकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

किती, याला आकडा नाही. माझ्याकडे आज सहा आहेत. वीस चांगले चालतील, एक वाईट पुरे होतो.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. दुकान चालवायचं असेल, सभासद नोंदवायचे असतील, तर माहिती प्लगइनच्या तक्त्यांतच राहणार, माझा नियम तिथे चालत नाही. तिथे बॅकअपच महत्त्वाचा, म्हणजे माझ्या भाच्याचं म्हणणं तिथे बरोबर आहे. आणि स्वतःचं होस्टिंग न घेता वर्डप्रेस डॉट कॉम या तयार ब्लॉग देणाऱ्या सेवेच्या फुकट योजनेवर असाल तर तुम्हाला प्लगइन टाकताच येणार नाहीत, तेव्हा तुम्ही कुठे आहात ते आधी बघा.

त्या अकरा रेकॉर्डिंगखाली मी सध्या ‘गाणारी: नाव शोधत आहे’ असं लिहून ठेवलंय. त्यातल्या एकात मागे म्हैस हंबरते आणि गाणारी मध्येच थांबून ‘आले गं बाई’ म्हणते, मग पुन्हा जातं फिरू लागतं. वेल्ह्याकडच्या एका सुनेला वाटतंय की तो तिच्या चुलत सासूचा आवाज असावा. दिवाळीनंतर त्यांच्या वाडीवर जाऊन ऐकवणार आहे.