शेवटची ओळ वाचते, तरी नस सुजली कशी?

प्रश्न : डॉक्टर, माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे, आम्ही भांडुपला राहतो. दोन महिने झाले तिचं डोकं दुखतंय, सकाळी जास्त, आणि वाकून बादली उचलली की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते, मग परत नॉर्मल. आम्हाला वाटलं अ‍ॅसिडिटी, नाहीतर रोजच्या लोकलच्या दगदगीने. नंबर तपासायला नेलं तर तक्त्यावरची शेवटची ओळपण वाचली तिने, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून आत बघितलं आणि म्हणाले दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजल्यात, आजच एमआरआय करा. एमआरआयमध्ये गाठ वगैरे काही नाही. आता पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. आई घाबरलीय, शेजारच्या काकू म्हणतात त्याने पाय जातात. नीट दिसतंय तर थोडं थांबलं तर चालेल का?

उत्तर : नाही ताई, थांबू नका.

मेंदूभोवती पाणी असतं, दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही, त्यामुळे हा हिशोब बिघडला की आतलं प्रेशर वाढतं. डोळ्याच्या नसेभोवती मेंदूचंच आवरण असतं आणि त्यातही तेच पाणी, म्हणून प्रेशर थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतं आणि नसेचं तोंड सुजतं. याला पॅपिलिडीमा म्हणतात. वाकल्यावर येणारी ती अंधारी त्याचीच. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुंघुं आवाज येतो का, लांबचं दोन-दोन दिसतं का, तेपण तिला विचारा.

आता शेवटच्या ओळीचं. तो तक्ता फक्त मधली नजर तपासतो, आणि या आजारात आधी बाजूची जाते. माझ्याकडे एक मुलगी आली होती, ६/६ वाचायची, पण प्लॅटफॉर्मवर डाव्या बाजूने येणारी माणसं सारखी धडकायची आणि तिला वाटायचं गर्दीच तशी आहे. मी तिच्या डाव्या कानाजवळ बोटं हलवली, तिला कळलीच नाहीत. तिची गेलेली नजर परत आली नाही, उरलेली वाचली. म्हणून बहिणीची फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूची नजर तपासणारी चाचणी, झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या.

पाठीतल्या पाण्याची भीती मला रोज ऐकायला मिळते, आणि तिच्यापायी लोक महिने घालवतात याचं फार वाईट वाटतं. आईंना सांगा, मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात, जागा बधिर करून. एमआरआय आधी करतात तो यासाठीच की गाठ असेल तर आधीच कळावं. नंतर काही दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते, पाय जात नाहीत. कुशीवर झोपवून प्रेशर मोजतात, मोठ्या माणसात ते २५ सेंटिमीटर उंच पाण्याइतकं किंवा जास्त आलं तर वाढलेलं धरतात. एमआरआयसोबत मेंदूच्या शिरांचा स्कॅन, म्हणजे एमआरव्ही, झालाय का हे मात्र नक्की विचारा, कारण शिरेत गुठळी असली तरी हेच चित्र दिसतं, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, आणि त्याचे उपचार वेगळे. बीपीपण मोजून घ्या, खूप वाढलं तरी नसा सुजतात.

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनोइन किंवा व्हिटॅमिन एच्या गोळ्या चालू होत्या का? असतील तर ती स्ट्रिप घेऊनच जा, खूपदा तिथेच धागा सापडतो.

कारण काहीच सापडलं नाही तर बहुतेक वेळा अ‍ॅसिटाझोलामाइड देतात. त्याने बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, पण तेवढ्यासाठी गोळी परस्पर बंद करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी, मुतखडा किंवा दिवस राहिले असतील तर मात्र आधी सांगा. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने प्रेशर खरंच उतरतं, पण घरात तिला त्यावरून टोमणे नकोत, आधीच घाबरलेली असेल ती.

नजर पटापट कमी होतेय, उलट्या, झापड किंवा फिट असं काही झालं तर तारखेची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या. खर्चाची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे इथे डोळ्यांचा आणि मेंदूचा दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. एमआरआयची सीडी सोबत ठेवा, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही.