थंडर एजंट्स वाचायला घेतोयस तर

जुन्या सुपरहिरो टीम वाचायच्या आहेत ना, मग मार्व्हल-डीसी जरा बाजूला ठेव आणि टॉवर कॉमिक्सचे 'थंडर एजंट्स' घे. १९६५ ते १९६९, अवघे २० अंक. मालिका घडवली ती चित्रकार वॉली वुडने. त्याच्या शाईतल्या सावल्या सावकाश बघ. काही चौकटींत संवाद वाचायचेच राहून जातात.

क्रमाने वाच. हे हिरो संयुक्त राष्ट्रांसाठी काम करणारे एजंट आहेत. त्यांची ताकद उपकरणांत आहे, आणि उपकरणं त्याची किंमत वसूल करतात. डायनॅमोचा पट्टा थोडाच वेळ साथ देतो. लाइटनिंगचा सूट वेग देतो, पण त्याचं आयुष्य खातो. माझा सगळ्यात लाडका नोमॅन: म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने स्वतःचं मन अँड्रॉइडमध्ये उतरवलंय, एक शरीर मोडलं की तो दुसऱ्यात जातो. पहिल्या वाचनात मी या कथा भराभर उलटल्या. खरी गोडी पुन्हा वाचताना लागली. मरायचं पुन्हापुन्हा आणि संपायचं मात्र नाही, यातला एकटेपणा तेव्हा जाणवला.

सातव्या अंकाबद्दल आधी कुठेच काही वाचू नकोस, मुखपृष्ठावरूनही अंदाज बांधू नकोस. त्यातली मेन्थॉर या एजंटची कथा स्टीव्ह डिटकोने काढली आहे, एवढंच सांगतो.

हेरगिरीच्या काही कथा सरधोपट आहेत, त्या चाळल्या तरी चालेल. मूळ अंकांमागे लगेच धावू नकोस. हेच अंक पुन्हा छापून डीसीने काढलेले 'आर्काइव्हज'चे जाड खंड मिळाले तर आधी तेच घे.