आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडला जातोय. हॉटेलऐवजी बी अँड बी घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये जायचंय, आई-बाबा सत्तरीच्या आसपास आणि पक्के शाकाहारी, हॉटेलांचे दर बघून डोळे फिरले म्हणून बी अँड बी (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे कुणाच्या घरी खोली आणि सकाळची न्याहारी) बघताय, पण परक्याच्या घरात अवघडल्यासारखं होईल अशी धास्ती आहे. 2023 च्या जूनमध्ये मी अगदी हेच केलं. स्काय बेटावर पोर्ट्रीला तीन रात्री, आई-बाबांसोबत. माझं उत्तर: खुशाल घ्या. फक्त ते हॉटेल नाही हे लक्षात असू द्या. माझ्या ते लक्षात नव्हतं.

दिवेआगरला किंवा गुहागरला कधी कुणाच्या घरी उतरला असाल तर अंदाज येईल. आपल्या एमटीडीसीची 'निवास व न्याहारी' योजना आहे ना, तोच प्रकार. मालकीणबाई खाली राहतात, वरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना. रिसेप्शन नाही, रात्रपाळीचा माणूस नाही. दार उघडायलाही त्याच आणि सकाळी टोस्ट भाजायलाही त्याच.

आम्ही साडेपाचला पोचतो असं मी कळवलं होतं. वाटेत डॉर्नीला आयलन डोनन किल्ला लागला, आणि बाबांना किल्ला दिसला की घड्याळ दिसत नाही. त्यात फोनला रेंज नाही. पोचलो आठ वाजता. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे उशीर झालाय असं मला वाटतच नव्हतं. बाई कोट घालून दारातच उभ्या. गावातल्या गाण्याच्या सरावाला जायचं होतं, ते आमच्यापायी राहिलं. रागावल्या नाहीत. "किल्ला आवडला का?" एवढंच विचारलं. दोन शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं.

तेव्हा पोचायची वेळ नीट कळवा आणि ती पाळा. उशीर होणार असेल तर रेंज असेल तिथूनच फोन करा. आल्यावर बाई वहीत पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून घेतील. बाबांनी लगेच भुवया उंचावल्या होत्या, पण ब्रिटनमध्ये 1972 च्या एका आदेशाप्रमाणे पाहुण्यांची अशी नोंद ठेवावीच लागते.

आता खाण्याचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. स्कॉटिश न्याहारी म्हणजे बेकन, सॉसेज, अंडी, बीन्स, भाजलेला टोमॅटो, मशरूम आणि ब्लॅक पुडिंगची काळी चकती. ही चकती डुकराच्या रक्तात ओट्स घालून करतात. दिसते निरुपद्रवी, म्हणून आधीच सांगून ठेवतेय. हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं, पण त्याचा शाकाहारी प्रकारही तिकडे सर्रास मिळतो. आमच्याकडे आदल्या रात्री एक छापील कागद दिला होता, त्यावर हवं त्या पदार्थापुढे खूण करायची. एक गोम आहे: तिथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. आई-बाबा अंडं खात नसतील तर बुकिंग करतानाच तसं स्पष्ट लिहा, आणि शाकाहारी सॉसेज वेगळ्या तव्यावर कराल का तेही तेव्हाच विचारा. सकाळी टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर बिचारी बाई काय करणार?

आम्ही आधी सांगितलं होतं. आईसमोर टॅटी स्कोन आले. उकडलेला बटाटा, मैदा आणि लोणी मळून तव्यावर भाजलेले तिकोनी तुकडे. आईने एक तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर बटाट्याचं थालीपीठ, फक्त तिखटमीठ विसरलेलं." पर्समधून मेतकुटाची पुडी निघाली. मी इकडेतिकडे बघायला लागले, तर मालकीणबाई चमचा घेऊन हजर, त्यांनाही चव बघायची होती. पाण्यात शिजवून मीठ घातलेलं पॉरिज बाबांना पेजेसारखं लागलं. तीन दिवस त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

न्याहारी भरपेट होते, पण रात्रीचं जेवण बी अँड बीत सहसा नसतं. गावात हॉटेलांची किचनं साडेआठ-नऊला बंद होतात, आणि बाहेर लख्ख उजेड असल्यामुळे आपण फसतो. पहिल्या रात्री आम्ही को-ऑप नावाच्या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज आणि केळी आणून भागवलं. खोलीत चहाची किटली असते, त्यात रेडिमिक्स उपमा होतो, हे खरं. पण खाली गालिचा, वर जाड पडदे. हिंगाचा वास पुढच्या पाहुण्यापर्यंत टिकतो. विचारून करा.

न्हाणीघराचं एक ऐका. सकाळी बाबा नुसत्या टॉवेलवर बाहेर आले, "शॉवरला पाणीच नाही." मी सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी लाजत खाली गेले. बाई वर आल्या, छताला लोंबणारी एक दोरी ओढली, वर लाल दिवा लागला आणि पाणी सुरू. तिकडे विजेच्या शॉवरचा मुख्य स्विच बऱ्याचदा असा दोरीचा असतो. बाबांनी आदल्या रात्री ती दिव्याची समजून ओढली होती. (बादली-मग मिळणार नाही, घरचा एक मग बॅगेत न्या. तीन पिनांचा ब्रिटिश अ‍ॅडॅप्टरही न्या.)

पैशांचं म्हणाल तर दर खोलीमागे आहे की माणशी ते बघा, जुन्या धाटणीच्या जागी माणशी सांगतात. व्हिसा हातात येईपर्यंत, रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. दोन खोल्यांच्या घराला ऐनवेळी रिकामी राहिलेली खोली परवडत नाही, त्यामुळे त्यांचे नियम कडक असतात. स्कॉटलंडमध्ये आता अशा जागांना परवाना लागतो आणि जाहिरातीत त्याचा नंबर द्यावा लागतो. तो दिसत नसेल तर मी पुढे जाते. एडिंबरात 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांवर 5 टक्के कर आहे, तोही हिशेबात धरा. आणि एडिंबरात एकाच रात्रीसाठी थांबणार असाल, किंवा विमान मध्यरात्री उतरणार असेल, तर सरळ हॉटेल घ्या.

गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली मागा. जिने अरुंद असतात, लिफ्ट नसते आणि बॅगा आपणच चढवायच्या.

आवाजाचंही बघा. जूनमध्ये साडेचारला उजाडतं. बाबा उठले आणि नेमाने कपालभाती सुरू. भिंती पातळ. न्याहारीला शेजारच्या खोलीतल्या जर्मन बाईंनी हळूच मला विचारलं, "तुमच्या वडिलांना दम्याचा त्रास आहे का?" दुसऱ्या दिवशी मी बाबांना बागेत पिटाळलं. तिथे उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटं थव्याने असतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाचव्या श्वासाला बाबा नाक धरून आत आले. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी त्यांच्यासाठी जाळीची टोपी काढून ठेवली होती.