नागपूर ते कन्याकुमारी सायकलने जाऊन संस्थेसाठी निधी जमवायचा आहे, तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न असा आहे: झिरो माइलपासून कन्याकुमारीपर्यंत चौघांनी सायकलने जायचं आणि वाटेत एका संस्थेसाठी देणगी जमवायची. सुरुवात कुठून करावी?

पैशापासून करा, सायकलचं नंतर. देणगीचा एक रुपयाही तुमच्या खात्यात किंवा खिशात येऊ देऊ नका. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर गणेश मंडळंसुद्धा धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात. त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेच्याच खात्याचा क्यूआर कोड घ्या आणि पावतीही तिलाच देऊ द्या. ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं) प्रमाणपत्राची प्रत स्वतः पाहा. करसवलतीसाठी देणगीदाराचा पॅन लागतो, आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाले, तर संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी. नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. तुमचा जेवणा-राहण्याचा खर्च देणगीतून वळता करू नका, तो घरून न्या. आणि मोहिमेच्या माहितीचं कार्ड छापाल ते तेलुगू, कन्नड आणि तमिळमध्येही छापा. आदिलाबाद ओलांडलं की तुमचं मराठी-हिंदी ढाब्यापुरतंच चालेल.

निघा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि फेब्रुवारी सरता सरता तेलंगण, रायलसीमा तापायला लागतं. मधल्या काळात वाराही बराचसा पाठीवर राहतो. रस्ता सरळ राष्ट्रीय महामार्ग ४४, अंतर साधारण १७०० किमी. रोज सरासरी १०० किमी आणि मधे तीन दिवस विश्रांती धरा, म्हणजे वीस दिवस. पहिला मुक्काम हिंगणघाट, दुसरा पांढरकवडा. उत्साहात पहिल्याच दिवशी दीडशे किमी मारलेत तर चौथ्या दिवशी गुडघा बोलतो. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर सायकलला मनाई आहे, खालचा सर्व्हिस रोड धरा. बंगळुरूहून होसूरकडे निघतानाही उड्डाणमार्गावर चढू नका. मोबाइलचा नकाशा मात्र तिकडेच नेतो. धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट उताराचा आहे, तिथे लोड ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात. माथ्यावर थांबा, मागून येणारे ट्रक जाऊ द्या, मग दोन्ही ब्रेक सोडत-दाबत उतरा.

आता सायकल. माझं मत स्पष्ट आहे: साधी स्टीलची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक), मागे मजबूत कॅरिअर, रस्त्याचे गुळगुळीत टायर. ७००सीची (मोठ्या, बारीक चाकांची) सायकल नेणार असाल तर प्रत्येकी एक टायर आणि दोन ट्यूब बरोबर ठेवाच. गावातला दुकानदार ‘२८चा आहे’ म्हणून जो टायर देतो, तो जुन्या काळ्या सायकलचा असतो; त्याचा व्यास ६३५ मिमी, तुमच्या रिमचा ६२२. बसतच नाही. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर घ्या, नाहीतर हवा भरायलाही कुणी मिळणार नाही.

महामार्गावर पंक्चर बहुधा खिळ्याने होत नाही, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारेने होतं. ट्यूब बदलली आणि तार तशीच राहिली, की पाच किमीवर पुन्हा हवा गेलीच. म्हणून टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे तार आहे. ती चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढा.

ओझ्याने स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकातला, चेनच्या बाजूचा, हबजवळच्या वाकणाशी. तिथला बदलायला कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) काढावी लागते, म्हणून कॅसेटचा पाना, स्पोकची चावी आणि नेमक्या लांबीचे चार-चार स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्या. वाटेत जमलंच नाही, तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा, रिम घासत असेल तर मागचा ब्रेक सैल करा आणि हळू पुढचं गाव गाठा. नवं चाक ओझ्याखाली बसतं, म्हणून निघण्याआधी सगळं सामान लादून सेवाग्रामला जाऊन या (जुन्या रस्त्याने, समृद्धीवर सायकल चालत नाही) आणि परतल्यावर चाकाचा आउट काढून घ्या.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच, कमी पाण्यात नाही. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नका, शिवण घासून जखम होते. उजाडल्याशिवाय निघू नका, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

परतीला हिमसागर एक्सप्रेस कन्याकुमारीहून थेट नागपूरला येते, पण आठवड्यातून एकदाच. तिचा वार बघून शेवटचे दिवस आखा. सायकल पार्सल ऑफिसात बुक होते. पेडल काढा, हँडल वळवून फ्रेमला बांधा, आणि नाव-फोनची चिठ्ठी दोन ठिकाणी लावा.