वाचकांचे प्रश्न : आयपीस बदलून सूक्ष्मदर्शकाची ताकद वाढते का?

प्रश्न : माझ्याकडे महाविद्यालयात वापरतात तसा सूक्ष्मदर्शक आहे. त्याला ४एक्स, १०एक्स आणि ४०एक्स ही ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगे) आणि १०एक्सचा आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) आहे. दह्यातील जिवाणू पाहण्यासाठी २५एक्सचा आयपीस घ्या, ४०एक्सवर १००० पट मिळेल आणि १००एक्स ऑब्जेक्टिव्हचा खर्च वाचेल, असे दुकानदार सांगतो. घ्यावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : गुणाकार बरोबर आहे, सल्ला मात्र चुकीचा आहे. आपल्या ऑब्जेक्टिव्हवर बहुधा ‘४०/०.६५’ असे कोरलेले असेल. त्यातला दुसरा आकडा म्हणजे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. नमुन्याकडून येणारा प्रकाश ऑब्जेक्टिव्ह किती रुंद शंकूतून गोळा करते हे तो सांगतो, आणि दोन बिंदू किती जवळ असले तरी वेगळे दिसतील हे मुख्यतः त्यावरच ठरते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार हे किमान अंतर म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीला या आकड्याच्या दुपटीने भागून येणारी संख्या. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली, तर आपल्या ४०एक्ससाठी ते सुमारे ०.४२ मायक्रोमीटर येते. त्याहून बारीक तपशील ऑब्जेक्टिव्हने टिपलेलाच नसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून एकूण विवर्धन न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या ५०० ते १००० पटींच्या दरम्यान ठेवावे, असा व्यवहारातला नियम आहे. ०.६५ साठी ही मर्यादा ३२५ ते ६५० होते. १०एक्सच्या आयपीसने मिळणारे ४०० पट विवर्धन तीत बसते, १५एक्सने मिळणारे ६०० पटही बसते. २५एक्सने मात्र तीच प्रतिमा मोठी, अंधूक आणि धूसर दिसते आणि स्वतःच्या डोळ्यात तरंगणारे ठिपके तेवढे ठळकपणे नजरेत येतात. उलट ‘४/०.१०’ ची मर्यादा ५० ते १०० असताना आपल्याला सध्या ४० पटच मिळतात. आयपीसवर पैसे खर्चायचेच असतील, तर १५एक्सचा घ्यावा. त्याचा खरा फायदा कमी ताकदीच्या ऑब्जेक्टिव्हवरच दिसेल.

दह्यातील लॅक्टोबॅसिलसची जाडी साधारण ०.५ ते १ मायक्रोमीटर असते. निवळीचा पातळ थर काचेवर वाळवून, ज्योतीवर किंचित शेकून मेथिलीन ब्लूने रंगवला, तर ४०० पटींवरही बारीक काड्या ओळखू येतात. त्यांच्या कडा रेखीव हव्या असतील, तर ‘१००/१.२५’ हे तेलाचे (भिंग आणि नमुना यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायचे) ऑब्जेक्टिव्ह आणि आहे तोच १०एक्सचा आयपीस ही जोडी योग्य. मात्र स्टेजखाली बऱ्यापैकी कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारे भिंग) नसेल, तर त्या १.२५ पैकी बराच भाग वाया जातो. ऑब्जेक्टिव्ह घेण्याआधी तेवढे पाहावे.

प्रश्न : जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे कोणतेही ऑब्जेक्टिव्ह माझ्या सूक्ष्मदर्शकाला चालेल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : आटे जुळले म्हणजे प्रकाशिकी जुळली असे नव्हे. आपल्या ऑब्जेक्टिव्हवर ‘१६०/०.१७’ असे असेल, तर १६० ही मिलिमीटरमधील नळीची लांबी आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेची) जाडी असते. १६० च्या जागी अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह असलेले ऑब्जेक्टिव्ह अशा नळीवर ठरल्याप्रमाणे काम करत नाही, त्यामुळे ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.